पाहुण्यांच्या घरची रजई

मी एक रजई. जयपूरची. माझं वजन इतकं कमी, की पहिल्यांदा अंगावर घेणारा माणूस हमखास म्हणतो, "एवढ्याशाने काय थंडी जाणार?" आणि थोड्या वेळाने तो गप्प झोपून जातो. जन्मभर मी हेच काम केलं. एकदा मात्र माझ्याच अंगामुळे एका घराचं गुपित फुटलं. त्याबद्दल मला सांगायचं आहे.

माझा कपडा जयपूरजवळच्या सांगानेरला छापला गेला. पांढऱ्या मलमलीवर लाकडी ठशांनी उमटवलेली तांबडी फुलं आणि बारीक हिरवी पानं. शेजारच्या गल्लीत कापूस पिंजून माझ्या पोटात भरला. मग एका बाईने बारीक छडीने मला इतकं झोडपलं, की कापूस कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारखा पसरला. त्यानंतर टाके. मार खाल्ल्याशिवाय रजई ऊबदार होत नाही, हे मला तिथेच समजलं.

दुकानात मी फार दिवस राहिले नाही. दिवाळी होऊन गेलेली, थंडी सुरू व्हायची होती, तेव्हा विनया आली. दुकानदाराने बऱ्याच रजया तिच्यापुढे उलगडल्या. ती प्रत्येकीला गालाशी नेऊन बघायची. इतर बायका रंग बघतात, किंमत विचारतात. हिने गाल लावला. मी तिला टोचले नाही, म्हणून तिने मला घेतलं.

विनया मूळची मिरजेची. तिचा नवरा मुरलीधर बँकेत अधिकारी. बदल्या होत होत दोघं जयपूरला आले होते. शास्त्री नगरमध्ये बँकेने दिलेल्या जागेत राहायचे. पण विनयाने मला तिथे नेलं नाही. तिने मला तिलक नगरला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या घरात नेलं. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मोती डुंगरीच्या टेकडीकडे उघडणारी एक गॅलरी. हे घर त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि ते राहण्यासाठी नव्हतं. ते पाहुण्यांसाठी होतं.

मला आधी हे विचित्र वाटलं. पाहुण्यांसाठी कुणी वेगळं घर घेतं का? पण विनया ते घर ज्या तऱ्हेने सजवत होती, ते बघून मी विचारायचं सोडून दिलं. भिंतींना तिने फिकट पिवळा रंग दिला. पडदे सांगानेरचे, माझ्याच नात्यातले. सुताराकडून खाली कप्पे असलेला दिवाण करून घेतला. बसायला वेताचे दोन गोल मुढे आणले. कपाटाच्या दारांना निळ्या चिनीमातीच्या मुठी लावल्या. पुन्हा पुन्हा दारात जाऊन ती उंबऱ्यावर उभी राहायची आणि पाहुणा आत आला की त्याला आधी काय दिसेल ते बघायची. मग आत येऊन मुढा वीतभर सरकवायची.

मुरलीधर स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणायचा, "विनया, इतकं छान करू नकोस. पाहुण्यांना घालवायचं कसं, त्याचीही सोय करून ठेव." ती हसायची. तो मात्र तिच्याकडे बघताना हसत नसे. त्याला खरं कारण माहीत होतं.

पहिल्या हिवाळ्यात पाहुण्यांची रीघ लागली. महाराष्ट्रातून जो तो राजस्थान बघायला निघाला होता. कुणी सांगलीचे, कुणी पुण्याचे, कुणी तर मुरलीधरच्या साहेबांच्या व्याह्यांचे शेजारी. सकाळी हवामहल, दुपारी आमेर, संध्याकाळी बापू बाजार. रात्री दिवाणावर पिशव्या ओतून कुणाला कोणती मोजडी द्यायची याची वाटणी. माझ्यावर कचोरीचा चुरा सांडला, एका लहान मुलीने मला फाडायचाही प्रयत्न केला. विनया कुणावर रागावली नाही. शास्त्री नगरहून ती डबे भरून आणायची, वाढायची, पुन्हा आग्रह करायची.

मी एक गोष्ट टिपली होती. पाहुणा आला की ती आधी पाणी आणायची. तांब्या, फुलपात्र, खाली छोटी ताटली. आणि पाहुणा पाणी पिईपर्यंत ती तिथून हलायची नाही. तो बोलत बसला आणि फुलपात्र तसंच हातात राहिलं, की तिचा जीव कासावीस व्हायचा. त्याने घोट घेतला की तिचे खांदे सैल पडायचे.

मुरलीधरची चुलत वहिनी प्रणिता आली होती. घर फिरून बघून झाल्यावर ती दिवाणावर बसली आणि माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "हौस आहे बाई तुमची. खाणारी तोंडं दोन, आणि घरंही दोन."

विनया हसली. "पोळ्या टाकते," म्हणून आत गेली. बराच वेळ फक्त लाटण्याचा आवाज येत राहिला. लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही त्या दोघांना मूल नव्हतं. मला ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

पाहुणे गेल्यावर दुपारची ती कधी कधी एकटी यायची. मला घडीसकट छातीशी धरून बसायची. एकदा मुरलीधर तिला न्यायला आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "सगळी दुनिया येऊन जेवून गेली, अहो. माझ्या माणसांनी कधी घोटभर पाणी घेतलं नाही."

तिच्या माहेरी एक जुनी रीत होती. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कुणी इतकं पाळत नाही, पण तिचे वडील बळवंतराव पाळायचे. निवृत्त शिक्षक, शब्दाचे पक्के. आधीच्या बदलीच्या गावी आईवडील एकदा तिच्याकडे आले होते. घरून फिरकीच्या तांब्यात पाणी भरून आणलेलं, दशम्या बांधून आणलेल्या. दिवसभर दोघं खुर्चीच्या काठावर बसून राहिली, जणू दवाखान्यात नंबर लावून बसली आहेत. विनयाने केलेले लाडू ताटात जसेच्या तसे. संध्याकाळच्या गाडीने दोघं परत गेली. त्यानंतर तिची आई, मधुमतीबाई, लेकीच्या घरचा घास न घेताच वारली.

आता बाबा मिरजेत एकटे होते. भाऊ अभिजित मस्कतला. बाबांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून बजावलं होतं. बाबांनी स्वतःच सांगलीजवळचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. संक्रांतीनंतर तिथे राहायला जाणार होते. अभिजितने फोनवर हे सांगितलं त्या दिवशी विनया माझ्यात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडली. मला रडणं नवं नव्हतं, पाहुण्यांची मुलं रडायचीच. पण मोठ्या माणसाचं रडणं कापसात खोलवर जातं. उन्हात घातलं तरी लवकर सुकत नाही.

म्हणून तर हे घर होतं. बाबा लेकीच्या घरी राहणार नाहीत, पण पाहुण्यांच्या घरी राहतील, असं तिला वाटलं होतं. तिने फोनवर त्यांना सांगितलं, "बाबा, यांच्या बँकेचं गेस्ट हाऊस आहे. भाडं द्यायचं, राहायचं. जेवणाचा डबा खानावळीतून येतो. आश्रमात जायच्या आधी एकदा पुष्कर करून जा."  मग होकार आला.

आणि मग त्या बिचारीने आपल्या हातांनी सजवलेलं घर आपल्याच हातांनी बिघडवायला घेतलं. गेस्ट हाऊस वाटायला हवं ना. भिंतीवरचा दोघांचा फोटो काढला. निळ्या मुठी काढून साध्या लोखंडी लावल्या. दिवाणावर जाडीभरडी पांढरी चादर आली. मुरलीधरने हिंदीत एक सूचना लिहून दारामागे चिकटवली : 'बाहर जाते समय पंखा बंद करें.' बादलीवर आणि मगावर त्याने लाल रंगाने चारचा आकडा काढला. "एक, दोन, तीन कुठायत असं विचारलं तर?" विनयाने विचारलं. तो म्हणाला, "दुरुस्तीला गेलेत म्हणून सांगू." त्या दिवसांत ती तेवढंच हसली.

खालच्या मजल्यावरच्या माथुर आंटींनाही सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "भाभीजी, झूठ तो मुझसे बोला नहीं जाता. मैं ऊपर ही नहीं आऊँगी."

विनयाचा बेत पुढचा होता. पहिल्या दिवशी डबा खरोखरच खानावळीतला द्यायचा. मग हळूच त्यात आपली चटणी. मग एखादी पोळी. मग आमटी. बाबांच्या नकळत त्यांना आपल्या हातच्या जेवणाची सवय लावायची आणि आश्रमाचा विचार मागे पडू द्यायचा. हे सगळं ती मुरलीधरला सांगत होती, तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "आणि कळलं तर?" तिने पुढचा टाका घातला. ती माझ्या टोकाशी सुई घेऊन बसली होती.

तिथेच चूक झाली. घरातल्या सगळ्या खुणा तिने काढल्या, पण वडिलांना थंडी वाजू नये ही काळजी तिला काढता आली नाही. दाराजवळ तिने एक खिळा ठोकून घेतला होता, नेहमीपेक्षा बराच खाली, कारण बाबा ठेंगणे आणि टोपी टांगायला त्यांना हात उंच करावा लागू नये. दिवाणाशेजारी उजव्या हाताला मुढा, कारण बाबांना चष्मा उजवीकडे लागतो. आणि माझे पायांकडचे दोन्ही कोपरे दुमडून तिने आतून शिवून टाकले. पाय घातले की पिशवीत गेल्यासारखे राहावेत. बाबांचे पाय रात्री उघडे पडतात आणि गार होतात. मी आतल्या आत आकसले होते. मला वाटलं, अशी पिशवी शिवलेली रजई कोणत्या गेस्ट हाऊसमध्ये असते? पण रजईचं कोण ऐकतं.

जानेवारीतल्या एका दुपारी बाबा आले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात तोच फिरकीचा तांब्या. जिना चढून दम लागला होता. टोपी काढली आणि न बघता भिंतीकडे हात नेला. खिळा बरोबर हाताला आला. त्यांनी क्षणभर खिळ्याकडे बघितलं, मग टोपी टांगली.

मुरलीधर उत्साहात म्हणाला, "बाबा, खोली नंबर चार. सगळ्यांत हवेशीर."

"छान आहे," बाबा म्हणाले. खानावळीचा डबा जेवले. पाणी मात्र स्वतःच्या तांब्यातलं प्यायले. परक्या गावचं पाणी एकदम बाधतं, उद्यापासून इथलं घेईन, म्हणाले. विनयाच्या चेहऱ्यावर तो 'उद्या' उजळला, मी पाहिला. ती दोघं शास्त्री नगरला गेली. बाबा आडवे झाले. मला अंगावर ओढून घेतलं आणि पाय लांब केले.

पाय पिशवीत गेले. आणि थांबले.

मग एक पाय हळूच हलला. अंगठ्याने माझी शिवण चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाबा उठून बसले, चष्म्यासाठी उजवीकडे हात नेला, चष्मा मिळाला. त्यांनी मला उलटं करून ती शिवण डोळ्यांजवळ धरली. कितीतरी वेळ. मग दारामागची सूचना वाचली, खिळा बघितला, मुढा बघितला. मला पुन्हा नीट पसरलं, माझ्यावर हात ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी विनया डबा घेऊन आली, पण ते जेवले नाहीत. पोट जड आहे, म्हणाले. रात्री गाडीतल्या उरलेल्या दशमीचा तुकडा मोडून खाल्ला. तांब्यातलं शेवटचं पाणी तेव्हाच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनया आली, तेव्हा खोली रिकामी होती. दार नुसतं लोटलेलं. ती घाबरली. मग तिने स्वतःची समजूत घातली, टेकडीखालच्या बिर्ला मंदिरात गेले असतील. हात रिकामे नकोत म्हणून तिने मला उचललं आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकलं. तिथून मला रस्ता दिसला आणि तिलाही.

मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पाणपोई होती. इथे तिला प्याऊ म्हणतात. वाटसरू येतो, ओंजळ धरतो, आत बसलेली म्हातारी लांब नळीच्या भांड्यातून पाणी ओतते. त्या गारठ्यात तिथे कुणी नव्हतं. फक्त काळा कोट घातलेला एक ठेंगणा म्हातारा. त्याने खिशातून गोळी काढून जिभेवर ठेवली, वाकला आणि ओंजळ पुढे केली.

विनयाचा हात माझ्यावर होता. तिने मला इतकं घट्ट आवळलं, की माझा एक टाका तुटला.

बाबा जिना चढून आले ते धापा टाकत. कोटाच्या बाह्या ओल्या. दारात लेक उभी बघून ते दिवाणावर टेकले. ती मला घेऊन आत आली आणि त्यांच्या पायांवर मला टाकलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? पाय घातले आणि कळलं. तुझी आई अशीच पिशवी शिवायची."

विनया खाली जमिनीवर बसली. "मग रागवा ना. खोटं बोलले म्हणून रागवा. त्या रस्त्यावर ओंजळ धरायला जाऊ नका हो, बाबा. हृदयाचं दुखणं घेऊन दोन जिने उतरून जाता, आणि माझ्या माठातलं पाणी इथे..."

"राग नाही, विनू." त्यांना अजून दम लागत होता. "तुला वाटतं मी रीत धरून बसलोय. रीत कधीच सोडली असती. तुझी आई जाताना मला म्हणाली, विनूच्या घरी पाळणा हलला की तिथे पोटभर जेवा. आता मी आधीच पाणी प्यालो, तर त्याचा अर्थ काय होतो? आपण वाट बघायची सोडली असाच ना? मी बाप आहे. मी ती कशी सोडू?"

 खालून माथुर आंटींच्या कुकरची शिट्टी आली.

विनया बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "मी सोडलीय, बाबा. डॉक्टरांनीही केव्हाच सांगून टाकलंय. मी एकदा रडले आणि सोडली. पण तुम्ही तांब्या घेऊन आलात की मला ती पुन्हा सोडावी लागते. दर वेळी. आई गेली तेव्हाही सोडावी लागली. आता माझ्यात नाही ताकद. तुम्ही पण सोडा."

बाबांनी माझी कड मुठीत धरली. त्यांची बोटं थरथरत होती. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं थंडीने थरथरताना पाहिली आहेत. ही थरथर वेगळी होती, तिला माझा उपयोग नव्हता.

विनया उठली. आत गेली. तांब्या, फुलपात्र, खाली छोटी ताटली. तिने ते त्यांच्या पुढ्यात मुढ्यावर ठेवलं आणि नेहमीसारखी तिथे उभी राहिली नाही. तोंड फिरवून गॅलरीत गेली. कदाचित तिला बघवणार नव्हतं.

बाबा त्या फुलपात्राकडे किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही. ऊन मुढ्यावरून सरकून चादरीवर आलं. मग त्यांनी फुलपात्र उचललं. पहिला घोट घेतला. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि गिळला. त्यांच्या हनुवटीवरून पाणी माझ्यावर सांडलं, त्यात डोळ्यांतलंही होतं. फुलपात्र रिकामं झालं. ते खाली ठेवल्याचा आवाज गॅलरीत ऐकू गेला असणार, कारण कठडा धरलेली विनया तिथेच मटकन खाली बसली. माझी समजूत होती, तिला आनंद होईल. पण ती ज्या आवाजात रडली, तसा आवाज फक्त कुणी गेल्यावर घरात येतो. त्या सकाळी त्या घरातून खरंच कुणीतरी गेलं होतं. कधी जन्मालाच न आलेलं.

दुपारी तिने भात आणि आमटी केली. बाबा जेवले. कुणी कुणाला आग्रह केला नाही.

ते आश्रमात गेले नाहीत. इथेच राहिले. त्यालाही आता तीन हिवाळे झाले. बादलीवरचा चार अजून आहे. पाहुणे आता फारसे येत नाहीत, घर पाहुण्यांचं राहिलेलं नाही. विनया सकाळ-संध्याकाळ येते. बाबा तिच्याशी पेपरातल्या बातम्या बोलतात. नातवंडाचा विषय दोघंही काढत नाहीत. कधी गल्लीतलं मूल जिन्यात ओरडतं, तेव्हा दोघं एकाच वेळी गप्प होतात आणि मग एकदम दोघंही बोलायला लागतात.

मी आता जुनी झाले. फुलं पुसट झाली, कापसाच्या गाठी झाल्या. पायांकडच्या भागात तर नुसता कपडाच उरला आहे. बाबांना ते कळतं, पण ते विनयाला सांगत नाहीत. या हिवाळ्यात त्यांच्या पायांना मी पुरेशी ऊब देऊ शकत नाही. रात्री ते पाय पोटाशी घेतात, आणि मी काहीच करू शकत नाही. त्यांचा श्वास मधेच अडकतो, तेव्हा मी माझ्या फाटक्या अंगानिशी त्यांना आणखी बिलगते. याहून जास्त रजईला येत नाही.

माझी एवढीच विनंती आहे. तुम्ही कुणाच्या घरी जाल आणि कुणी तुमच्यासमोर पाण्याचं फुलपात्र ठेवेल. तहान नसली तरी एक घोट घ्या. ते ठेवणारी बाई दाराशी का थांबली आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.